पेनीसाठी नाताळचा खाऊ

कुत्र्यांच्या विष्ठेच्या तक्त्यावर सात चित्रं होती. एक नंबरला कोरडे, कडक गोळे. सात नंबरला निव्वळ पाणी. मागच्या अंगणातल्या बर्फावर जे पडलं होतं ते सहा नंबरचं होतं. त्याला आकार नव्हता, वर शेंबडासारखा पातळ पडदा होता आणि शून्याखाली अकरा अंशांतही त्यातून वाफ निघत होती. आर्डिसने हातमोजा चढवला, खाली वाकून लाकडी काडीने तो ढीग उलटा केला आणि नाकाने श्वास घेणं बंद केलं. आत धान्याची पिवळट टरफलं होती. एक, दोन, पाच. मग तिने मोजणं सोडलं.

पेनी पायरीशी उभी होती. तांबूस रंगाची सेटर जातीची कुत्री, सहा वर्षांची. मागचे पाय जरासे वाकवून, अजून काहीतरी व्हायचं बाकी असल्यासारखी ती आर्डिसकडे बघत होती. फासळ्या केसांतूनही दिसत होत्या. शेपटीखालचे लांब केस चिकटून त्यांची वात झाली होती. ती आता गरम पाण्याने धुवायची, म्हणजे न्हाणीघरात तोच वास दुपारपर्यंत भरून राहणार.

आर्डिसने वहीत वेळ लिहिली आणि पुढे ‘सहा, टरफलं’ एवढंच लिहिलं. चीजच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत तिने एकतीस वर्षं दूध तपासलं होतं. हरणाच्या मांसाला आणि बटाट्याला टरफलं नसतात, हे कळायला तेवढी वर्षं लागत नाहीत. आणि पेनीच्या ताटात गेले सात आठवडे हरणाचं मांस आणि बटाटा यांशिवाय काहीही पडलं नव्हतं. निदान आर्डिसच्या हातून तरी नाही.

पेनीला लुआनने आणलं होतं. लुआन गावातली सोडवलेल्या कुत्र्यांची संस्था चालवायची. एका पैदास करणाऱ्याच्या गोठ्यातून तिने सव्वीस कुत्री बाहेर काढली, त्यातली ही एक. चौदा महिन्यांपूर्वी ‘तात्पुरती’ म्हणून ती आर्डिस आणि तिचा नवरा व्हर्लिन यांच्या घरी आली. कायमचं ठेवून घ्यायचं की नाही, हे ठरवायचा पहिला हक्क आर्डिसचा होता. डॉक्टरांनी निदान केलं होतं: या जातीतल्या काही कुत्र्यांना ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, सोसत नाही, आतड्याचं अस्तर झिजत जातं. आठ आठवडे काटेकोर पथ्य पाळा, मग बघू.

ते आठ आठवडे आजवर एकदाही पुरे झाले नव्हते. पहिल्या खेपेला टर्कीच्या पोटात भरलेला पाव टेबलाखाली गेला. दुसऱ्या खेपेला पिझ्झ्याच्या कडा. तिसऱ्या खेपेला चर्चमधल्या कॉफीच्या वेळी अर्धा डोनट. दर वेळी व्हर्लिन म्हणायचा की एकदाच दिलं, ती बघत कशी होती ते तू पाहिलं नाहीस. आर्डिस वहीत पुन्हा पहिला आठवडा लिहायची.

उन्हाळ्यात ब्रुगमन नावाचं एक कुटुंब पेनीला बघून गेलं होतं. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीला स्वतःलाच ग्लूटेन चालत नव्हतं. त्यांच्या घरात गव्हाच्या पिठाची पुडीसुद्धा येत नसे. त्यांनी तीनदा विचारलं होतं. कुत्री आधी बरी होऊ दे, मग ठरवते, असं आर्डिसने लुआनला सांगितलं होतं. ती बरी होत नव्हती, आणि आर्डिस ठरवत नव्हती.

टरफलं कुठून आली असतील, याचा विचार तिला फार करावा लागला नाही. ती सरळ गॅरेजकडे गेली.

दार उघडताच वास अंगावर आला. ओल्या पोत्याचा, आंबलेल्या पेजेचा, आणि त्यावर डुकराच्या तापलेल्या चरबीचा. व्हर्लिन तिथे बिअर बनवायचा. पातेली, नळ्या, जुना फ्रिज, सगळं तिथेच. आज टेबलावर तीन ट्रे मांडले होते आणि ट्रेमध्ये हाडांच्या आकाराची बिस्किटं होती. त्यांवर पांढरा नि लाल लेप. बाजूच्या बादलीत बिअर गाळून उरलेला जवाचा चोथा होता, फुगलेला, राखाडी. व्हर्लिनचे हात कोपरापर्यंत त्यात बुडाले होते. चरबीची बरणी, शेंगदाण्याचं लोणी, चोथा, सगळं तो हाताने एकजीव करत होता आणि बोटांच्या मधून ते ओघळत होतं.

पेनी आर्डिसच्या पायांतून आत घुसली. व्हर्लिनने सवयीने मोठा चमचा खाली धरला, तिने तो दोन्ही बाजूंनी चाटून लखलखीत केला आणि त्याने तोच चमचा परत पिठात घातला. मग कडेचं थोडं पीठ स्वतः चाखून बघितलं.

“पकडलंस शेवटी,” तो म्हणाला. “तुला सरप्राइज द्यायचं होतं. संस्थेच्या आजच्या नाताळ-बाजारासाठी चाळीस पुड्या. लुआन तर खूश आहे.”

प्रत्येक पुडीला हिरवी फीत होती आणि चिठ्ठीवर त्याच्या ठळक अक्षरात लिहिलं होतं: नाताळचा खाऊ, ग्लूटेनमुक्त.

तिने विचारलं, पेनीला हे कधीपासून देतोयस. तो जरा अभिमानाने म्हणाला की तीन आठवडे झाले, रोज संध्याकाळी एक. चव जमेपर्यंत कुणावर तरी करून बघायला हवं होतं ना. मग त्याने सगळी कृती सांगितली. पीठ तांदळाचं, दुकानातून मुद्दाम आणलेलं. चोथा बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं टाकायच्या आधी काढलेला, कारण हॉप्सने कुत्री मरतात हे तिनेच कधीतरी सांगितलं होतं आणि ते त्याने लक्षात ठेवलं होतं.

“बिअर जवाची आहे, व्हर्लिन.”

“तेच म्हणतोय. गव्हाचा कणही नाही.”

“जवातही ग्लूटेन असतं.”

तो थांबला. हातावरून ओघळ खाली ठिबकत होता आणि पेनी तो फरशीवरून चाटत होती. आर्डिसने शांतपणे समजावून सांगितलं: गहू, जव आणि राय, ही तिन्ही धान्यं त्या बाबतीत सख्खी भावंडं, बिअर बनवली म्हणून चोथ्यातलं ग्लूटेन कुठे जात नाही, ज्या कुत्र्यांना त्रास नाही त्यांनी खुशाल खावं, पण चिठ्ठ्या बदलायला हव्यात आणि पेनीला यातलं काहीही द्यायचं नाही. रविवारच्या प्रवचनाला तो जसा मान हलवायचा तशीच त्याने मान हलवली. कबूल, म्हणाला. चिठ्ठ्या बदलतो, आणि पेनीला एक तुकडाही नाही. माहीतच नव्हतं गं.

त्याला माहीत नव्हतं, हे तिने मानलं. बिअर बनवणारी सगळीच मंडळी ‘गहू नाही’ एवढ्यावर निश्चिंत असतात. पेनीचे मागचे केस धुताना तिने स्वतःशी हिशेब केला की पुन्हा पहिला आठवडा. बोटांखाली केसांतला चिकट गोळा सुटत नव्हता. पेनी थरथरत उभी राहिली आणि तिने आर्डिसचं मनगट चाटलं. तिच्या तोंडाला चरबीचा वास येत होता. आर्डिसने हात मागे घेतला, आणि मागे घेतल्याची तिला लाज वाटली.

बाजार त्याच संध्याकाळी चर्चच्या तळघरात होता. आदल्या आठवड्यातल्या लुटफिस्कच्या जेवणाचा वास भिंतींत अजून मुरलेला होता; क्षारात भिजवून लिबलिबीत केलेला तो मासा म्हाताऱ्या मंडळींनी लोण्यात बुडवून खाल्ला होता आणि आता त्यावर ओल्या कुत्र्यांचा, कॉफीचा आणि मांसाच्या गोळ्यांच्या गोड रश्श्याचा थर चढला होता. सगळ्या कुत्र्यांच्या डोक्यावर हरणासारखी कापडी शिंगं होती. एका म्हाताऱ्या बुलडॉगच्या जिभेवरून लाळेची तार थेट त्याच्या लाल स्वेटरवर उतरली होती आणि मालकीण ती आपल्या बाहीने पुसून त्याच बाहीने केकचा तुकडा उचलत होती.

व्हर्लिनच्या टेबलापुढे सगळ्यात जास्त गर्दी होती. आर्डिस पेनीला घेऊन पोचली तेव्हा निम्म्या पुड्या संपल्या होत्या. चिठ्ठ्या त्याच होत्या.

टेबलापाशी एक बाई पुडी उलटीपालटी करून बघत होती. माझ्या कुत्रीला हाच त्रास आहे, ती म्हणत होती, यात खरंच ग्लूटेन नाही ना?

“माझी बायको केमिस्ट आहे,” व्हर्लिन म्हणाला. “आमच्या घरात तपासल्याशिवाय मीठसुद्धा कुणी खात नाही.”

आर्डिस पुढे झाली. हे जवाचं आहे, तुमच्या कुत्रीला देऊ नका, असं तिने त्या बाईला सांगितलं. बाईने पुडी ठेवून दिली. दोघेतिघे वळून बघायला लागले.

“हिची प्रयोगशाळा नाताळातही बंद होत नाही,” व्हर्लिन गर्दीकडे बघून म्हणाला. “निवृत्तीचा केक कापला तेव्हाही हिने आधी तारीख बघितली होती.”

लोक हसले. तो सगळ्यांचा लाडका होता. चर्चचा बर्फ तोच काढायचा, म्हाताऱ्यांच्या गाड्या तोच ढकलायचा. हसण्याने त्याला हुरूप आला. त्याने ट्रेमधलं सगळ्यात मोठं हाड उचललं आणि पेनीच्या नाकासमोर धरलं.

“हिलाच विचारू या. काय गं राणी, खाणार ना? नाताळ आहे, एकाने काय होतंय.”

पेनीने ते घेतलं. तिची शेपूट टेबलाच्या पायावर आपटत होती. सगळीकडून कौतुकाचे सूर निघाले, तीन-चार फोन वर आले. व्हर्लिन गुडघ्यांवर बसला, तिचे कान दोन्ही हातांनी मागे धरून हसला, आणि त्याच्या चेहऱ्यावर खरोखरचं प्रेम होतं. आर्डिसला शिसारी आली ती त्या प्रेमाची. सकाळी त्याला माहीत नव्हतं. आता माहीत होतं, आणि तरी त्याला ती हलणारी शेपूट हवी होती. उद्या पहाटे बर्फावर जे पडेल ते बघायला तो कधीच उठत नव्हता.

ती खाली बसली. डाव्या हाताने तिने पेनीचा जबडा उघडला आणि उजव्या हाताची दोन बोटं आत घातली. लगदा गरम होता, चिकट, टरफलांनी खरखरीत. जिभेखालून, दाढांमागून तिने तो ओढून काढला. लाल लेप लाळेत विरघळून मनगटापर्यंत ओघळला. पेनी ओकल्यासारखा आवाज करत होती पण चावली नाही. पुन्हा बोटं आत, पुन्हा थोडं बाहेर. फोन एकेक करून खाली गेले. कुणीतरी ‘शी’ म्हणालं.

सगळं निघालं नव्हतंच. निम्मं तरी पोटात गेलं होतं.

लुआन कागदी रुमालांचा गठ्ठा घेऊन धावत आली. तिच्या स्वेटरवर दिव्यांचं नाक असलेलं हरीण लुकलुकत होतं. “अगं आर्डिस, हे काय, लोकांसमोर,” ती हळूच म्हणाली. “त्याने एवढ्या हौसेने केलंय.”

आर्डिसने एकेक बोट पुसलं. नखाखाली एक टरफल अडकलं होतं, ते काढलं. तिच्या वहीत चारशेच्या वर नोंदी होत्या आणि त्यांतून काय निघतं हे तिला पहिल्या शंभरातच कळलं होतं. पथ्य बरोबर होतं. कुत्री बरोबर होती. घर चुकीचं होतं, आणि त्या घरात ती स्वतःही होती: पेनी आपल्याच उशाशी झोपत राहावी म्हणून वर्षभर आणखी आकडे मागत बसलेली. हातात लगद्याने भरलेले रुमाल होते आणि किळस आता एकट्या व्हर्लिनची वाटत नव्हती.

व्हर्लिन अजून गुडघ्यांवरच होता. “आर्डिस, एकच होतं,” तो म्हणाला. “आपली कुत्री आहे ती.”

तिने त्याच्याकडे बघितलं नाही. पेनीच्या डोक्यावरची कापडी शिंगं तिने सोडवली, टेबलावर ठेवली आणि उठून उभी राहिली.

“लुआन,” ती म्हणाली, “ब्रुगमनांना आत्ता फोन लाव. म्हणावं, येऊन पेनीला घेऊन जा. ती आता आमच्या घरी परत येणार नाही.”