वेडीवाकडी भोकं

नदीच्या दोन्ही काठांवर गुहा होत्या आणि दोन्हीकडे उत्खनन चालू होतं. अलीकडे नणंद, पलीकडे भावजय. दोघी पुरातत्त्वज्ञ आणि दोघी सारख्याच हट्टी. हजारो वर्षांपूर्वी तिथे राहून गेलेल्यांना त्या ‘आमची माणसं’, ‘तुमची माणसं’ म्हणायच्या. नणंदेची माणसं शिंपल्याचे मणी एकाच बाजूने टोचायची, वहिनीची दोन्ही बाजूंनी. त्यावरून घरी जेवताना चिडवाचिडवी ठरलेली.

एका सकाळी नणंदेला चुलीच्या राखेत काही मणी सापडले. तिने भिंगातून पाहिलं आणि लगेच फोन लावला. “वहिनी, हातातलं काम टाक आणि ये!”

वहिनी होडीतून उतरली ती चपला हातात घेऊनच. तिने एक मणी निरखला. “दोन्ही बाजूंनी टोचलाय. आमचा मणी इथे कसा?”

“शिंपला आमच्या काठचा आहे. इथेच बसून केलाय. आता बाकीचे बघ.”

बाकीच्या मण्यांत दोन्हीकडची भोकं एकमेकांना गाठतच नव्हती. नवशिक्या हातांचं काम होतं ते.

वहिनीला हसू आवरेना. “म्हणजे आमचं कुणीतरी तुमच्यात राहायला आलं आणि शिकवत बसलं! सून असणार.”

“किंवा घरजावई.”

“कोणी का असेना, चिकाटी दांडगी होती.”

मग दोघी गारगोटीचं टोक घेऊन काठावरचे शिंपले टोचायला बसल्या. नणंदेचे दोन फुटले. तिसऱ्या वेळी वहिनीने तिचं मनगट धरलं. “अगं, हळू. आता उलटा कर.”