चिंध्यांखालची ट्यूबलाइट

मित्रांनो, मी एक जुनी ट्यूबलाइट आहे. एखाद्याला विनोद उशिरा कळला की तुम्ही त्याला माझ्या नावाने चिडवता, हे मला ठाऊक आहे. खुशाल चिडवा. पण माझी गोष्ट मात्र लवकर समजून घ्या, कारण आज मला फार भीती वाटते आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. काचेच्या नळीला आतून पांढरी पूड लावली, हवा काढून घेतली आणि पाऱ्याचा एक बारीकसा थेंब माझ्या पोटात सोडला. खोक्यात भरताना हातमोजे घातलेली एक कामगार बाई शेजारणीला म्हणाली, "हळू गं! दिसायला गोरीगोमटी आहे, पण पोटात विष आहे हिच्या." तेव्हा मला तिचा भारी राग आला. पुढे कळलं, बाई खोटं बोलत नव्हती. पाऱ्याशिवाय मी पेटलेच नसते. पण फुटले, तर तोच पारा लहान जिवांचा वैरी होतो.

एका शिवणखान्यात, कापड बेतायच्या टेबलाच्या वर, छताला मला बसवलं. माझ्या उजेडात तिथले शिंपी मास्तर काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याने शिवायचे आणि एक टाका इकडचा तिकडे होत नसे. "ही आहे म्हणून मला डोळे आहेत," असं ते गिऱ्हाइकांना सांगत. मी हुरळून जायचे. मग वर्षं सरली. माझी टोकं काळवंडली, चोक गुणगुणू लागला, मी नुसतीच लुकलुकू लागले. मास्तर काठीने टोचून मला जागं करायचे.

एके दिवशी वायरमन नवे एलईडी दिवे घेऊन आला. वीज कमी खाणारे, पोटात पारा नसलेले. असा लख्ख उजेड पडला की मला हेवा करायलाही तोंड उरलं नाही. मला आणि माझ्या जुन्या बहिणींना उतरवून वायरमन म्हणाला, "मास्तर, या कचऱ्यात टाकू नका हं. फुटल्या तर वाईट. जिथे जमा करून घेतात, तिथे मीच नेऊन देतो. आज गाडीत जागा नाही, उद्या येतो."

त्याचा उद्या काही उजाडला नाही.

मास्तर तसे काळजी घेणारे. शिवणखान्यात फुटणारी, नाजूक वस्तू चिंध्यांतच ठेवायची रीत होती. आरसा असो की पाहुण्यांच्या कपबश्या. त्यांनी आम्हाला कोपऱ्यातल्या चिंध्यांच्या ढिगात नीट खोचून ठेवलं. वरून रोज नव्या चिंध्या पडत गेल्या आणि सगळे आम्हाला विसरून गेले.

परवा इस्त्रीवाल्याने कपड्यांचं जड गाठोडं त्या ढिगावर धपकन टाकलं. माझ्या शेजारची बहीण फुटली. तिचा आवाज यंत्रांच्या खडखडाटात विरून गेला. तिच्या काचेचे तुकडे आणि तिचा पारा तिथेच चिंध्यांत पसरला. पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वासही येत नाही. कुणाला कळणार?

आणि आज काजं करणारी बाई आपल्या रांगत्या लेकराला घेऊन कामावर आली. घरी सांभाळायला कुणी नव्हतं.

"मास्तर, या गोट्याला कुठे ठेवू हो?"

"अगं, त्या चिंध्यांवर निजव की. गादीसारखं मऊ आहे. पडायचीही भीती नाही."

तिने ढिगावर ओढणी अंथरली, लेकराला थोपटून निजवलं आणि ती कामाला लागली.

मित्रांनो, नव्या दिव्यांशी माझं भांडण नाही. ते यायलाच हवेत. पण नवा दिवा लागला म्हणजे काम संपलं, असं समजू नका. आम्हाला कोपऱ्यात दडवू नका, कचऱ्यात भिरकावू नका. जिथे आमची नीट विल्हेवाट लावतात, तिथे आम्हाला न्यायला घरातल्या मोठ्यांच्या मागे लागा. ते 'उद्या' म्हणाले तर हट्ट धरा. एरवी तुम्ही किती हट्ट करता, तसा!

गोट्या जागा झाला आहे. ओढणी सारून तो मुठी भरभरून चिंध्या उपसतो आहे. रंगीत तुकडे बघून खुदुखुदु हसतो आहे, एखादा तोंडातही घालतो आहे. मास्तर कापड बेतण्यात गुंग आहेत. त्याची आई पाठमोरी बसून काजं करते आहे. मला आता पेटता येत नाही, ओरडता तर कधीच येत नव्हतं.

कुणीतरी तिला हाक मारा.