बाईंची फाईल झोपली आहे

ऐका ना, आणि मधे बोलू नका, नाहीतर माझी गाडी घसरेल. तर चेतनगुणोक्ती. निर्जीव वस्तू माणसासारखी वागते, तो अलंकार. हाच मला तपासनीस साहेबांसमोर शिकवायचा होता, आणि त्यावर माझी नोकरी कायम होणार की नाही ते ठरणार होतं. चार महिने माझी फाईल त्यांच्याच ऑफिसात पडून, बरं का.

पोरांच्या डोक्यात काही शिरेना. मी म्हणावं, कवितेत वारा हसतो. त्यांनी म्हणावं, बाई, वाऱ्याला तोंड कुठंय? घसा बसला माझा. शेवटी म्हटलं, जा, रोजच्या जगण्यातली उदाहरणं शोधून आणा.

वर्गात एक मुलगी आहे, सारख्या शंका काढते म्हणून सगळे तिला शंकाच म्हणतात. तिला मी शाळेच्या ऑफिसात खडू आणायला पाठवलं. पाऊण तासाने आली. खडू नाही, पण वहीचं पान भरलेलं. क्लार्ककाका येणाऱ्याजाणाऱ्याला काय काय सांगतात, ते बसून टिपलं होतं तिने. मी मेली घाईत, वाचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब मागच्या बाकावर, शेजारी मोठ्या बाई. मी उदाहरण विचारलं. ज्याच्याकडून घोकून घेतलं होतं तो पोरगा मख्ख, आणि शंका उभी. धडाधड वाचत सुटली. कपाट ऐकत नाही. प्रिंटर नाही म्हणतो. नियम आडवा येतो. शिक्का रजेवर आहे. बाईंची फाईल साहेबांच्या टेबलावर झोपली आहे.

अख्खा वर्ग म्हणाला, कळलं, बाई. आणि खरंच कळलं होतं हो. एकाने तर विचारलं, मग ऑफिसातली माणसं काय करतात? मोठ्या बाई पंखा बघायला लागल्या.

साहेब चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "बाई, अलंकाराला कल्पना लागते. फाईल झोपते ही वस्तुस्थिती आहे. उदाहरण चूक." आणि शेरा मारला, पाठ पुन्हा घ्यावा.

मी काकुळतीने विचारलं, पुन्हा म्हणजे कधी?

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "ते मी कसं सांगू? फाईल उठली की तीच कळवेल."

शंकाने लगेच सहावं उदाहरण लिहून घेतलं.

तर मी अजून हंगामीच. पण परीक्षेत चेतनगुणोक्तीच्या प्रश्नाला माझ्या एकाही पोराचा मार्क जाणार नाही, सांगून ठेवते.