मी न पाहिलेला सिनेमा

मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे, आणि माझ्यातला सिनेमा मी स्वतः कधीच पाहिलेला नाही. कसा पाहणार? माझी फीत यंत्रात फिरते आणि चित्र उमटते बाहेर, टीव्हीच्या पडद्यावर. मला सिनेमा फक्त ऐकू येतो.

फीत म्हणजे प्लास्टिकची लांब पट्टी, तिच्यावर लोखंडाच्या ऑक्साईडचा बारीक थर. त्या थरात कोणीतरी एक परदेशी सिनेमा हिंदीत करून भरला. सगळ्यांनी छळलेली एक शाळकरी मुलगी जादूटोणा शिकते, वर्गातल्या मुलींचे केस चोरून डब्यात जमवते आणि एकेकीला आजारी पाडते, अशी त्याची गोष्ट. उधना या कापड-कारखान्यांच्या भागातल्या मगनभाईंच्या व्हिडिओ लायब्ररीत मी आले तेव्हाच तो जुना झाला होता. तरी "ए वन कॅसेट छे!" असे मगनभाई गिऱ्हाइकाला सांगत आणि मी फुशारून जाई.

जवळच्याच बमरोलीच्या एका चाळीत मला नेले ते हर्षदाने. घर खानदेशातून आलेले, वडील यंत्रमागावर. कारखान्याच्या सुट्टीच्या दुपारी सगळी चाळ तिच्या खोलीत जमली. असला सिनेमा कोणी पाहिलेला नव्हता. आधी हसणे-खिदळणे चालले होते. मग तो केसांचा डबा आला आणि लहान मुली आयांना बिलगल्या.

तेवढ्यात हर्षदा म्हणाली, "अय्या, आपल्या सुंदरामावशीच्या डब्यातपण असेच केस आहेत!"

एकच हशा उसळला. सुंदरामावशीही हसली. ती मराठवाड्यातली, एकटी. साड्यांचे लोंबते धागे कापून पोट भरायची आणि चाळीतल्या मुलींच्या वेण्या घालायची.

"आगं, गळलेले केस फेकायचे कशाला?" ती म्हणाली. "केस विकत घेणारी बाई आली की त्याच्या बदल्यात वाटी देती. परवा तूच शिरा खाल्लास की तिच्यात!"

काही दिवसांनी शेजारच्या लीलाच्या बाळाला जुलाब लागले. नळाला गढूळ पाणी येत होते, पण पाण्याकडे कोणी पाहिले नाही. सगळ्यांना सुंदरामावशीचा डबा आठवला आणि मला पुन्हा आणले.

"तो डबाना भाग लाव," हर्षदाची आई सरलाबाई म्हणाली. लावला. मागे घेतला, पुन्हा लावला. एकाच जागी सारखी फिरवली की फीत तिथे झिजते. माझी तिथेच झिजली.

"मना पोऱ्याना केस बी व्हतीन त्यामा," लीला रडत म्हणाली.

"आई, मी गंमत केली होती गं! सिनेमातलं खरं नसतं!" हर्षदा ओरडली.

"तुनाच तोंडमाईन निंघनं ना पहिले?" सरलाबाई म्हणाली.

मग बाहेर पत्र्याचा डबा आपटल्याचा आवाज आला. पाठोपाठ सुंदरामावशीचा.

"बायांनो, तुमच्या पोरींच्या उवा काढल्या मी. माझ्या मांडीवर झोपायच्या त्या."

हर्षदा दारातच उभी राहिली. संध्याकाळच्या आत सुंदरामावशीला खोली सोडायला लावली.

बाळाला दवाखान्यात सलाईन लावले आणि ते बरे झाले. आता तरी लोकांना कळेल, असे हर्षदाला वाटले. चाळ म्हणाली, "बघा, ती गेली आणि पोरगं उठलं!" बाळ दगावले असते तरी बोल तिलाच लागला असता. हर्षदा धागे कापणाऱ्या बायकांच्या वस्त्या शोधत फिरली. सुंदरामावशी सापडली नाही.

केबल आल्यावर लायब्ररी मोडली. हर्षदाने मला मागून घेतले, मी पुन्हा कुठे लागू नये म्हणून. आता मला पांढरी बुरशी चढली आहे. यंत्रात घातलेत तर फीत तुटेल.

मित्रांनो, मला कोरड्या जागी ठेवा असे आता मी म्हणत नाही. एवढेच मागते, की चारचौघांत एकट्या माणसावर हसण्याआधी, त्याच्या बाजूने उभे राहणारे तिथे कोणी आहे का, ते बघा. माझ्या मागण्याने काय होईल, असे मात्र मला विचारू नका.

सुंदरामावशीच्या खोलीला अजून भाडेकरू मिळत नाही. हा सिनेमा कधी न पाहिलेली लहान मुले तिथे डाकीण राहते म्हणतात. हर्षदा त्यांना अडवते, शेजारी बसवते, जुलाब घाण पाण्याने होतात हे नीट समजावून सांगते. मुले शहाण्यासारखी मान डोलावतात. मग उठतात आणि त्या दारापुढून जीव मुठीत धरून पळतात.