दुसरी खाट

धाकटीनं रजिस्टरात सही केली आणि कारकुनानं फाइल टेबलावरून तिच्याकडे ढकलली. फाइल जाड नव्हती. खाकी पुठ्ठा, मऊ पडलेले कोपरे, वर तांबड्या शाईत दोन नंबर. एक तिचा, एक तिच्या ताईचा. नाडीची गाठ इतकी जुनी होती की ती नखांनीच उकलावी लागली.

"फोटो काढायचा नाही," कारकून म्हणाला. "उतरवून घ्यायचं तर पेन्सिलनं. एक वाजता मी जेवायला जातो, तेव्हा खोलीला कुलूप."

"आणि नंतर?"

"नंतर काय, महिनाअखेरीला सगळा जुना माल कागद कातरायच्या यंत्रात. म्हणून तर पत्रं धाडली. शंभरातली दहा माणसं येतात. बाकीच्यांना नकोच असतं."

तो पुन्हा आपल्या चिठ्ठ्या चिकटवायला लागला.

पत्र धाकटीला वाढवणाऱ्या बाईंच्या पत्त्यावर आलं होतं, कारण फाइलमधला शेवटचा पत्ता तोच होता. बाईंनी फोन करून कळवलं. बाई फोनवर कधी दोन वाक्यांच्या पुढे जात नसत. "तुझं पत्र आलंय, कार्यालयातून. जुनी फाइल बघायची तर बघा म्हणतात." मग त्या म्हणाल्या, "बघायलाच पाहिजे असं काही नाही." उभ्या जन्मात बाईंनी धाकटीला सल्ला दिला नव्हता. या एका वाक्यापायी तिनं चष्म्याच्या दुकानातून दिवसभराची रजा काढली. दुकानात ती काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. मालकाला रजा म्हटलं की कपाळशूळ उठे, पण या वेळी तो काही बोलला नाही.

पहिली पानं वजनाची आणि उंचीची होती. मग एक फोटो. दोन मुली भिंतीला टेकून उभ्या, मोठीच्या वेणीचं टोक लहानीच्या मुठीत. त्यानंतर त्या मुली कुठून आल्या याचा अहवाल होता, तो धाकटीला ऐकून माहीत होता. वडील कधीचे निघून गेलेले. आई आजारी पडून इस्पितळात गेली ती परत आलीच नाही. दोन महिने घरात फक्त या दोघी होत्या, आणि शेजारपाजारच्या कुणाला त्याचा पत्ता नव्हता, कारण दहा वर्षांची ताई धाकटीला न्हाऊमाखू घालून शाळेत वेळेवर नेत होती आणि प्रगतिपुस्तकावर आईची सही आईपेक्षा सुबक करत होती. मग बालकल्याण कार्यालयानं दोघींना सांभाळायला पडदे शिवणाऱ्या एका विधवा बाईकडे ठेवलं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीपाशी शिलाईचं मशीन, आणि जिथं बघावं तिथं कापडाचे तागे.

आठ महिन्यांनी एका सकाळी गाडी आली आणि ताईला घेऊन गेली. एकटीला.

धाकटीनं विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "मला दोघी झेपत नाहीत." मशीनवरून मान वर न करता.

तेव्हापासून धाकटीनं जो डूख धरला तो धरलाच. कार्यालयातल्या लोकांनी मावशी म्हणायला शिकवलं होतं. तिनं ते त्याच दिवशी टाकलं आणि "बाई" म्हणायला लागली, तेही "अहो-जाहो" करून, एखाद्या परक्या मास्तरणीला म्हणावं तसं. कात्री हाताला लागली की तयार पडद्याला चीर पाडायची. बाई टीप उसवत, तुकडा जोडत, पुन्हा शिवत. कधी पाठीत धपाटा नाही की चकार शब्द नाही. त्या गप्प बसण्याचा अर्थ धाकटीनं सरळ लावला होता. खाई त्याला खवखवे. ताई महिन्यातून एकदा रविवारी भेटायला यायची, तीही खालच्या बाकावर. वर कधी आली नाही. अपमान केलेल्या घरात कोण पाय ठेवेल, असं धाकटीला वाटे आणि बाईंचा आणखी राग येई.

बाविसावं पान निळ्या शाईत, ओळीवर ओळ चढलेल्या अक्षरात होतं. धाकटीनं ते वाचलं. पेन्सिल घेतली आणि जसंच्या तसं उतरवून काढलं, कारण नुसतं वाचून ते खरं वाटेना.

"थोरल्या मुलीने आपणांस अन्यत्र ठेवावे अशी तोंडी विनंती केली आहे. धाकटीस सोबत पाठवू नये असे आग्रहाने सांगते. कारण विचारता गप्प राहते. बाई दोघींस ठेवण्यास तयार असून त्यांनी पहिल्याच महिन्यात दुसरी खाट घेतली आहे."

ती खाट धाकटीला आठवत होती. तिच्यावर नंतर अस्तराचे तागे रचलेले असत.

"झालं?" कारकुनानं विचारलं. "एकला पाच कमी आहेत."

---

ताई सार्वजनिक तलावावर पोहायला शिकवते. दुपारी दोन ते चार तलाव बंद असतो. त्या वेळात ती लांब दांड्याच्या जाळीनं पाण्यावरची पानं काढते, मग नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकून रंग बघते. धाकटी आली तेव्हा जाळी चालू होती. ताईनं हातानं कडेच्या पायरीकडे खूण केली. बस.

"फाइल बघून आले," धाकटी म्हणाली.

जाळी थांबली नाही. "काय निघालं?"

"तूच सांगितलंस, असं निघालं. मला दुसरीकडे ठेवा. हिला बरोबर पाठवू नका."

ताईनं जाळीतली पानं बादलीत झटकली. "हो."

येताना बसमध्ये तिनं ताईच्या वतीनं उत्तरं तयार करून ठेवली होती. ताईला कसलं तरी दुखणं असेल आणि ते धाकटीला लागू नये म्हणून. धाकटीला एक तरी आई पुरी मिळावी म्हणून. एकाहून एक सरस कारणं, आणि प्रत्येकावर तिचं आगाऊ रडूनही झालं होतं. शेजारच्या प्रवाशानं तिला खिडकीची जागा दिली होती.

"का पण?"

"दमले होते."

"दमली होतीस?"

"तू माझी वेणी मुठीत धरून झोपायचीस," ताई म्हणाली. तिचा आवाज मुलांना सूचना देताना असतो तसाच होता, सपाट आणि स्पष्ट. "मी कूस बदलली की भोकाड. बाईंच्या हातचा घास गिळायची नाहीस, मीच भरवायचं. मधल्या सुट्टीत मी तुझ्या वर्गाबाहेर उभी राहायचे, दिसले नाही तर तू ओकायचीस. बाईंकडे गेलो तेव्हा मला वाटलं, चला, सुटले, आता घरात मोठं माणूस आहे. आठ महिने वाट बघितली. तू काही मला सोडेनास."

"मी पाच वर्षांची होते, ताई."

"मी दहा."

पाणी कडेच्या फरश्यांवर हलकेच आपटत होतं. धाकटीनं पायातली चप्पल काढली आणि पुन्हा घातली.

"म्हणजे माझ्या भल्यासाठी वगैरे..."

"तसं म्हणता येईल. मी पण बरीच वर्षं मनाशी तसंच म्हणून बघितलं. जमत नाही." ताईनं जाळी भिंतीला लावली. "नव्या ठिकाणी गेले त्या दिवशी मी जेवल्यावर झोपले ती दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला उठले. त्या लोकांनी डॉक्टर बोलावला होता. मला काही झालं नव्हतं."

"आणि बाई म्हणाल्या की त्यांना दोघी झेपत नाहीत."

"ते मी सांगायला लावलं."

धाकटीनं मान वर केली.

"त्यांनी मला विचारलं, धाकटीला काय सांगू? मी म्हटलं, तुम्हाला मी नको होते असं सांगा. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, बरं." ताईनं बादली उचलून बाजूला ठेवली. "म्हणून वर येत नव्हते. त्यांच्यासमोर उभं राहायला तोंड नव्हतं."

फाटकाशी पोरांचा गलका सुरू झाला होता. चारची तुकडी. ताईनं गळ्यातली शिट्टी सरळ केली.

"रागावणार असशील तर रागाव," ती म्हणाली. "सत्तावीस वर्षं राग त्या बिचारीवर काढलास. आता माझी पाळी."

---

बाईंकडे पोचायला संध्याकाळ झाली. दार लोटलेलंच होतं. बाई जमिनीवर बसून एका शाळेच्या सभागृहाचा पडदा दुमडत होत्या. हिरवंगार जाड कापड खोलीभर पसरलेलं. धाकटी कडेकडेनं भिंत धरून आत गेली.

"बघितली फाइल," ती म्हणाली. "ताईकडेही जाऊन आले."

बाईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि मनगटावरच्या गादीत खोचल्या. घाई नव्हती.

"मग कळलं असेल."

"तुम्ही कधीच का नाही बोललात? मी मोठी झाल्यावर तरी?"

"कुणावर तरी दात धरायचाच होता तुला. तिच्यावर डूख धरला असतास तर ती रविवारी यायची तेव्हा खाली उतरली नसतीस. मग तुला कोण होतं?"

"तुम्ही होतात."

"मी?" बाई हसल्या. "मला तर तू पाण्यात बघत होतीस."

धाकटी मशीनच्या स्टुलावर बसली. ती माफी मागायला आली होती. वाक्यही जुळवलेलं होतं. पण बाईंनी हात वर केला.

"थांब. फार पुण्यवान करू नकोस मला. त्या फाइलीत एक गोष्ट नसेल." त्यांनी कापडाची घडी मांडीवर ओढली. "पोरगी विचारायला आली ना, मला दुसरीकडे पाठवता का म्हणून, तेव्हा मला हायसं वाटलं. दिवसभर मशीन, वरून दोन पोरं, एक बोलत नाही आणि एक ओरडायची थांबत नाही. मी मेटाकुटीला आले होते. कार्यालयातल्या बाईला मी म्हटलं, दोघींना ठेवायची माझी तयारी आहे. ते कागदावर आलं. पण त्या पोरीला मी एकदाही म्हटलं नाही, की जाऊ नकोस, राहा. ती दारात उभी होती. वाट बघत होती बहुतेक. मी म्हटलं, बरं." त्या थोडा वेळ दुमडलेली कड नखानं दाबत राहिल्या. "म्हणून तुला जे सांगितलं ते अगदीच खोटं नव्हतं. मला दोघी झेपत नव्हत्या."

खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

धाकटीनं मनाशी जुळवलेलं वाक्य शोधून पाहिलं. ते आता कुठंच बसत नव्हतं, बाईंच्या बाजूनं नाही, ताईच्या बाजूनं नाही. दोन दमलेली माणसं, एक दहा वर्षांचं आणि एक चाळिशीचं, एकमेकांसमोर उभी राहून "बरं" म्हणाली होती, आणि ती स्वतः तेव्हा बहुतेक दुसऱ्या खोलीत ताईला शोधत होती.

"चहा टाकू?" बाईंनी विचारलं.

"नको."

तिनं पर्समधून फोन काढला, नंबर लावला आणि कापडावरून पुढे वाकून तो बाईंच्या हातात दिला.

"कुणाचा आहे?"

"तिचा. वाजतोय."

"आणि मी काय बोलू? एवढ्या वर्षांनी?"

"तेव्हा जे म्हणाला नाहीत ते."

बाईंनी फोन जरा लांबच धरला, गरम भांडं धरावं तसा. पलीकडून आवाज आला. बाई ताठ बसल्या आणि गिऱ्हाइकाशी मापाबद्दल बोलतात तशा आवाजात म्हणाल्या, "हॅलो. मी बोलतेय. हो, पडदेवाल्या बाई." मग डोळे मिटून, "नाही, धाकटी बरी आहे. मी तुझ्यासाठीच फोन केलाय."

धाकटी उठली. हिरव्या कापडावर पाय पडणार नाही असं बघत दारापर्यंत गेली, बाहेर आली आणि आतलं काही ऐकू येऊ नये म्हणून दार नीट ओढून घेऊन जिन्याच्या पायरीवर बसली.