दांड्यावरचं हेल्मेट

काचेच्या केबिनमध्ये बसून थोरला भाऊ दिवसभर शहराचा कचरा कालवायचा. क्रेनच्या लोखंडी पंजाने खड्ड्यातला ओला-सुका ढीग उचलायचा, पुन्हा टाकायचा आणि नीट मिसळला की भट्टीच्या नरसाळ्यात सोडायचा. नुसता ओला गेला तर आग मंदावते, आणि मंद आगीचा धूर वाईट. लोकांनी नाक मुरडून टाकलेलं तो स्वयंपाकासारखं निगुतीने शिजवी.

धाकटा तिथेच फिटर. नरसाळ्यात कचरा अडकला की तो कमरेला दोर बांधून आत उतरे आणि पहारीने वाट मोकळी करी. उतरण्याआधी केबिनमधल्या, क्रेन चालवायच्या दांड्यावर आपलं हेल्मेट अडकवायचं, ही भावाभावांची खूण. हेल्मेट लटकतंय तोवर दांड्याला हात लावायचा नाही. ही खूण नियमात कुठेच नव्हती, पण दोघांचा नियमांपेक्षा तिच्यावरच भरवसा.

थोरला चहा पिऊन आला तेव्हा दांडा रिकामा होता. तेवढ्यात भट्टीवाल्याचा फोन.

"आग उतरतेय. टाक लवकर, धूर सुटला तर साहेब मला फाडून खातील."

त्याने पंजा गच्च भरून नरसाळ्यावर नेला. केबिनमधून नरसाळ्याच्या आतलं काही दिसत नसे. पंजा उघडायच्या बटणावर बोट ठेवलं आणि तो थबकला. चहाआधीच तर भरपूर टाकलं होतं, मग आग उपाशी कशी? वाटेत अडकलं की काय?

"धाकटा आहे का खाली?"

"नाही. मघाशीच वर गेला. अरे, टाकतोयस ना?"

दांडा रिकामा होता, खूण नव्हती, तरी थोरल्याने बोट उचललं आणि भोंगा दाबून धरला. फोनवर भट्टीवाला आईबाप काढत होता. नरसाळ्याच्या कडेवर काहीच हलेना.

मग पिवळं हेल्मेट वर आलं, डोक्यावर घट्ट बांधलेलं.

थोरल्याने धावत जाऊन त्याची कॉलर धरली. "हेल्मेट का नाही अडकवलंस?"

"वहिनीने सकाळी शपथ घातली ना. आत उतरताना काढायचं नाही म्हणून." धाकटा हसत होता. मग त्याला डोक्यावर लटकलेला भरला पंजा दिसला आणि त्याने भावाचा हात घट्ट धरला.

संध्याकाळी ताट वाढताना बायकोने विचारलं, "भाऊजींनी हेल्मेट घातलं होतं ना?"

"घातलं होतं," थोरला म्हणाला.

"बघा, माझं ऐकतात ते," ती खुशीत म्हणाली. तो ताटातला भात नुसता कालवत राहिला.