दुपारी बहिरा होणारा डबा

टेकडीवरच्या वायरलेस केंद्राचे काका तिसऱ्यांदा तोच डबा घेऊन वर्कशॉपात आले, तेव्हा साहेबांनी कपाळाला हात लावला. जंगलातल्या पहारेकऱ्यांचे क्षीण आवाज मोठे करणारा तो अॅम्प्लिफायर सकाळी ठणठणीत असायचा आणि दुपारी बहिरा व्हायचा.

"इथं अठरा डेसिबल गेन देतोय, आवाज हवा तेवढा वाढवतोय," साहेब म्हणाले. "काका, तुमचेच कान तपासून घ्या."

"कान शाबूत आहेत माझे! परवा वणव्याची खबर तीनदा विचारावी लागली."

टेस्टिंग सांभाळणाऱ्या ताईंनी मान वर केली. "काका, तुमची खोली कसली आहे?"

"पत्र्याची. दुपारी आत बसवत नाही."

ताईंनी एसीच्या गारव्यात मांडलेल्या मीटरांकडे पाहिलं. नऊ वर्षं त्या याच गारव्यात गेन मोजत आल्या होत्या! त्यांचं त्यांनाच हसू आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नणंदेचा केस वाळवायचा ड्रायर आणला आणि डब्यावर रोखला.

"केस कुठले वाळवताय?" साहेबांनी विचारलं.

"तुम्ही फक्त आकडे बघा."

अठरा. सोळा. तेरा. गेन घसरत होता आणि ट्रान्झिस्टरचा करंट मात्र चढत होता. साहेबांची थट्टा थांबली.

"करंट वाढला तर गेन वाढायला हवा ना?"

"एका हद्दीपर्यंतच. त्यापुढे उलटा उतरतो," ताई म्हणाल्या. "हा गरम झाला की जास्त करंट ओढतो आणि ती हद्द ओलांडतो. ट्रान्झिस्टरच्या कंपनीनं कागदावर दिलेला आकडा पंचवीस अंशांचा आणि ठरावीक करंटचा. पत्र्याखाली तो कसा मिळणार?"

दोन दिवस त्या रेझिस्टर बदलत बसल्या. कितीही तापलं तरी करंट जागचा हलू नये, एवढीच त्यांची खटपट होती. शेवटी कडक उन्हाच्या तापमानालाही गेन सतरावर थांबला. उष्णतेनं गेन थोडा कमी होतोच. एक डेसिबल त्यांनी खुशाल सोडून दिला.

डबा टेकडीवर बसला. त्या दुपारी काकांचा फोन आला. "ताई, पलीकडच्या डोंगरावरचा पहारेकरी जांभई देतोय, तीही ऐकू येतेय!"

ताई खळखळून हसल्या. साहेबांनी स्वतः उठून दोघांसाठी चहा ओतला आणि म्हणाले, "आता बाकीचे डबेही तापवून बघू या."